साडेचार तासांनंतरचं कोण छापणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार वि.वि.

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो म्हणून तुम्ही परवा पक्षाघातावर पानभर मजकूर छापलात, तो मी दोनदा वाचला. चांगला होता. तोंड वाकडं होणं, वर धरलेला हात आपोआप खाली येणं, जीभ जड होणं, आणि असं काही दिसलं की घड्याळ बघा आणि साडेचार तासांच्या आत अशा ठिकाणी पोचा जिथे सीटी स्कॅन आहे, कारण मेंदूत रक्तस्राव नाहीये हे बघितल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देताच येत नाही, सगळं बरोबर लिहिलंय. मग मी पान उलटलं तर पुढे सोन्याचा भाव. म्हटलं अहो साडेचार तास झाले, पेशंट वाचला, घरी आणला, आता पुढे काय? आमच्या घरात त्या साडेचार तासांनंतर एकोणीस महिने गेलेत आणि ते कुठल्याच पेपरात आले नाहीत, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, कापायचं तर कापा, पण मधलं हिंदी कार्डांचं तेवढं कापू नका.

मी विद्युत मंडळातून रिटायर झालेला माणूस, वय ६७, राहणार सुदामा नगर, इंदूर. आमची ही ६३ वर्षांची. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर एकोणचाळीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारलेलीच नाही, 'अगं' आणि 'अहो' वरच संसार झाला. ही दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. चकली तिची. लोकमान्य नगर, वैशाली नगरपर्यंत डबे जायचे आणि ते पोचवायला अर्थात मी, स्कूटरवर.

मागच्या वर्षीची रंगपंचमी. बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरनं रंग उडवतात, अख्खं गाव रस्त्यावर. सकाळी कॉलनीतली पोरं येऊन हिला रंग लावून गेली, दोन्ही गाल हिरवे-जांभळे. साडेनऊच्या सुमाराला मी बाहेर पेपर वाचत होतो, ही पोह्याची प्लेट घेऊन येत होती ती प्लेट हातातून सुटली आणि ही म्हणाली, "अगं बाई". मी म्हटलं असू दे, मी पुसतो. परत म्हणाली, "अगं बाई". तोंड वाकडं झालं होतं पण त्या रंगाखाली मला दिसलंच नाही संपादक साहेब, मला वाटलं ही माझी चेष्टा करतेय, मी पंधरा-वीस मिनिटं चक्क हसत होतो. शेजारच्या काकूंनी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं तेव्हा उजवा कोपरा खाली ओघळलेला दिसला. मग जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं, तिथे सीटी नाही, त्यांनी सलाईन लावलं आणि बीपी वाढलंय, उतरेल म्हणून दीड तास बसवून ठेवलं. तिथून निघालो तर रस्त्यावर ही गर्दी, गाडीच्या काचेवर बादलीनं रंग. पुढच्या हॉस्पिटलात पोचून सीटी होऊन सुई लागली तेव्हा पावणेदोन वाजले होते. म्हणजे सव्वाचार तास. पंधरा मिनिटं शिल्लक होती.

जीव वाचला. पण गुठळी डाव्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत होती, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय गेला आणि बहुतेक माणसांचं भाषेचं सगळं ऑफिस डावीकडेच असतं म्हणून बोलणंही गेलं. दुसऱ्या दिवशी आमची अक्का भेटायला आली आणि प्रेमानं चमच्यानं चहा पाजायला लागली, ही ठसकून लाल-निळी झाली, नर्स धावत आली, अक्काला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही पण बरोबर बोलली. गिळायच्या स्नायूंवरही झटक्याचा परिणाम होतो आणि पाणी-चहा फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून आधी गिळण्याची तपासणी करतात, मग घट्ट केलेलं, मग हळूहळू पातळ. हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. गंगाजल, तुळशीचं पाणी, चहा, काय काय घेऊन येतात लोक, तेव्हा तुमच्या पुढच्या लेखात हे एक वाक्य घालाच.

आता मुद्द्यावर येतो. ज्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर लोक अफेझिया म्हणतात, तो स्ट्रोक झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला होतो आणि तो काय असतो हे आपल्याकडे जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. लोकांना वाटतं एकतर जीभ लुळी पडली किंवा डोकं गेलं. दोन्ही नाही. जीभ चालते, अक्कल शाबूत, माणसं ओळखते, मालिकेतली सून खोटं बोलतेय हे तिला माझ्याआधी कळतं, पण मनात आहे तो शब्द तोंडापर्यंत येताना वाटेत हरवतो. कित्येक महिने आमच्या हिच्याकडे एकच शब्द होता, तोच, प्लेट पडताना निघालेला, "अगं बाई". पाणी हवं तर अगं बाई, पंखा लाव अगं बाई, मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की अगं बाई, आणि मी काही चुकलो की तेच पण वेगळ्या सुरात. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक पेशंट होता तो फक्त "टॅन" एवढंच बोलायचा, त्याच्यावरूनच मेंदूतली बोलण्याची जागा पहिल्यांदा नीट कळली. मी मनात म्हटलं, आमची परिस्थिती बरी, दोन शब्द आहेत.

हो आणि नाही ची पण अदलाबदल व्हायची. चहा हवा का, तर मान हलवून "हो" आणि कप पुढे केला की ढकलून द्यायची, मला राग यायचा की काय हा हट्टीपणा. तो हट्टीपणा नव्हताच. मग आम्ही अंगठा वर-खाली करायची पद्धत पाडली आणि मी विचारताना दोन्ही वस्तू समोर धरायला लागलो, हा चहा, हे दूध, बोट लाव. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार, छोटं वाक्य, आणि मग थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मी मनात वीस आकडे मोजायचो. पहिल्या आठवड्यात माझी मजल पाचाच्या पुढे जात नव्हती, मीच वाक्य पूर्ण करून टाकायचो आणि ती डोळे मिटून घ्यायची.

भेटायला येणारे. यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. येतात, पलंगापाशी वाकतात आणि मोठ्यानं, म्हणजे ती बहिरी असल्यासारखं, विचारतात, "ओळखलंस का गं मला? सांग बघू मी कोण?" ही मान भिंतीकडे फिरवते. मग बाहेरच्या खोलीत येऊन मला हळू आवाजात, "ओळखत नाही वाटतं आता." अहो ओळखते म्हणूनच मान फिरवते! तीस वर्षं तुमच्याकडे हळदीकुंकवाला येतेय ती, आणि तुम्ही तिची बालवाडीची तोंडी परीक्षा घेताय. दुसरे ते जे तिच्यासमोर मला विचारतात, "झोपते का? खाते का? आता किती फरक पडेल?" ती तिथेच बसलेली असते. मी हल्ली सरळ म्हणतो, तिलाच विचारा. मग शांतता होते, थोडं अवघड वाटतं सगळ्यांना, होऊ दे.

आता कचरागाडीचं सांगतो. इंदूरची कचरागाडी सगळ्या देशाला माहीत आहे, सकाळी स्वच्छतेचं गाणं वाजवत येते. ऑगस्टमधली गोष्ट, मी ओला-सुका डबा घेऊन दाराशी उभा आणि मागून आवाज आला, गाण्याचा. वळून बघतो तर ही खुर्चीत बसून गाडीबरोबर गातेय, शब्द स्पष्ट, हिंदी, एक ओळ पूर्ण! मी डबा तिथेच टाकला. जवळ जाऊन म्हटलं आता बोल, पाणी म्हण, तर "अगं बाई". गणपतीत तेच झालं, आरती सगळ्यांबरोबर जवळजवळ शेवटपर्यंत म्हणाली आणि आरती संपल्यावर प्रसाद हवा हे तिला सांगता येईना. एका नातेवाईकानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं की बघ, येतं सगळं, नाटक करते. त्यांना तेव्हा बोललो नाही, इथे बोलतो. पाठ झालेली गोष्ट, गाणं, आरती, पाढे, आकडे, अगदी शिव्यासुद्धा, आणि आपण स्वतः जुळवून बोललेलं वाक्य, हे मेंदूत सारख्या वाटेनं येत नाहीत. गाण्याच्या कामात उजवा मेंदू बराच असतो आणि तो तिचा धडधाकट आहे. १९७० च्या दशकात बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरूनच एक पद्धत काढली, छोटं वाक्य सुरात म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं टेबलावर ठेका द्यायचा, मग हळूहळू सूर काढून टाकायचा. आम्ही "पाणी हवं" असं केलं. पा-णी-ह-वं. मला सुराचं काही ज्ञान नाही, काकू म्हणतात मी ते भाजीवाल्यासारखं म्हणतो, पण दोन महिन्यांनी तिनं ते ठेका न देता म्हटलं. आकड्यांचं पण असंच, किती पोळ्या करू विचारलं तर "तीन" येत नाही, पण एक, दोन, तीन मोजत जाते आणि तीनवर थांबून माझ्याकडे बघते. मला कळतं. तेवढं पुरतं.

आणि आता ती हिंदी कार्डं, ज्यासाठी मुख्य हे पत्र आहे.

स्पीच थेरपीला आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो. थेरपिस्ट मुलगी फार गोड, वयानं आमच्या नातीएवढी म्हणा ना, मन लावून करायची, पण मराठी अजिबात येत नाही आणि तिच्याकडची चित्रांची कार्डं, प्रश्न, मार्कांचा कागद, सगळं हिंदी. आपण इंदूरचे मराठी लोक हिंदी बोलतो हे खरंच आहे, रिक्षावाल्याशी, बँकेत, पोहे-जलेबीच्या ठेल्यावर, पण स्वयंपाकघरात? देवघरात? रागावताना? तर एकदा भोपळ्याचं चित्र आलं. ही "भो... भो..." करतेय, घाम फुटलाय, शब्द अगदी ओठांवर आणि ती मुलगी मदत म्हणून पहिलं अक्षर देते, "नहीं आंटीजी, क... क... कद्दू". झालं, भो पण गेला आणि क पण गेला. कागदावर फुली. पुढे मांजर, ही "मा" म्हणाली, तिकडून "बि... बि...". परत फुली. चमच्याला मार्क मिळाला कारण चमचा दोन्हीकडे चमचाच, आणि कात्री निघाली कारण कैंचीचा क तिला उपयोगी पडला. वीस कार्डांत चार बरोबर. ही घरी येताना रिक्षात रडत होती. त्या संध्याकाळी मी तीच चित्रं मोबाईलवर काढून मराठीतलं पहिलं अक्षर देऊन विचारली तर नऊ आली. वीसात नऊ! म्हणजे कागदावर बाई जितकी हरवलेली दिसत होती तितकी ती हरवलेली नव्हतीच, आपण तिला चुकीच्या पत्त्यावर शोधत होतो.

मी दुसऱ्या दिवशी भीत भीत त्या मुलीला सांगितलं. तिचं मोठेपण असं की ती चिडली नाही, पुस्तकं बघून आली आणि तिनंच मला सांगितलं की १८९५ साली पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, अनेक भाषा येणाऱ्या माणसाची सगळ्यात सवयीची भाषा आधी परत येते, नंतरच्या लोकांनी दाखवलं की नेहमीच तसं होत नाही, बऱ्याच जणांच्या दोन्ही भाषा बरोबरीनं सुधारतात, पण तपासायला हव्यात दोन्ही. मग आमची पार्टनरशिप झाली. मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून प्रिंट केले, परात, उलथणं, किसणी, पाट, समई, तुळशीवृंदावन, माझा चष्मा, माझी जुनी स्कूटर. देवनागरीत खाली नाव, आणि मुलीसाठी उच्चार मी समजावून सांगायचो, ळ तिला जमत नाही अजून. आपणहून पहिला नवीन शब्द कुठला आला असेल? मला आशा होती की मुलाचं नाव येईल. आला "सोऱ्या". बरोबरच आहे, मुलगा वर्षातून दोनदा येतो, सोऱ्या पंचवीस वर्षं हातात होता.

विद्युत मंडळातला असल्यामुळे मला हे माझ्या भाषेत असं कळलं की मूळ फीडर जळालाय, तो परत होणार नाही, पण दुसऱ्या फीडरवरून लाइन फिरवून आणता येते, व्होल्टेज कमी मिळेल, अधूनमधून ट्रिप होईल, पण दिवा लागेल. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते हे खरं, मग वेग मंदावतो. पण "सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं, नंतर काही नाही" हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते चूक आहे, सोऱ्या सातव्या महिन्यात आला आणि "पाणी हवं" त्याच्याही नंतर.

हाताची गोष्ट वेगळीच. पाय आधी येतो, हात मागे राहतो, बोटं सगळ्यात शेवटी, असं बऱ्याच जणांचं होतं. पायाला स्प्लिंट आणि चार पायांची काठी घेऊन ती पाचव्या महिन्यात बाथरूमपर्यंत जायला लागली. पण उजवा हात गेला म्हणजे आपल्याकडे नुसता हात जात नाही, जेवण जातं, कुंकू जातं, निरांजन जातं. डाव्या हातानं जेवायला ती तयारच होईना. मी भरवायचो तर चार घास खाऊन तोंड मिटायचं, वजन उतरायला लागलं. मग मी एक दिवस तिच्यासमोर बसून वरणभात डाव्या हातानं कालवून खायला लागलो, सगळी दाढी वरणात, आणि ती हसली, आणि "अगं बाई" म्हणून डाव्या हातानं चमचा उचलला. देवापुढे मात्र चार महिने गेली नाही. शेवटी आमच्या भटजींनीच सोडवलं, ते म्हणाले, ज्या हातात जोर तो उजवा, लावा दिवा. पुस्तकात असं काही आहे का ते मी त्यांना विचारलं नाही.

सहीचं पण असंच. तिच्या नावाची एफडी होती, बँकेत म्हणाले सही जुळत नाही, अंगठा चालेल. नियम चांगला आहे हो, आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यावेत असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय, पण बी.ए. झालेल्या बाईला अंगठा लावायला सांगणं म्हणजे काय ते तिचा चेहरा बघून कळलं. पैशाची घाई नव्हती. घरी आणलं, चौकटीची वही आणली, तीन आठवडे डाव्या हातानं सही गिरवली आणि मग जाऊन नवीन सही नोंदवून आली. दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी एका ऑफिसात मला ऐकवलं, चल तो रही हैं, फिर काहे की विकलांग. त्यांना २०१६ चा कायदा दाखवावा लागला, त्यात वाणी आणि भाषेच्या दिव्यांगतेत अफेझियाचं नाव घालून लिहिलेलं आहे. वाचकांपैकी कुणाला गरज असेल तर हे कात्रण जपून ठेवा, तुमच्याकडेही कुणीतरी असंच विचारेल.

खांद्याबद्दल एकच सांगतो कारण ते आम्ही भोगलंय. उठवताना लुळा हात कधीही, कधीही ओढू नका. भाचा प्रेमानंच आला होता, मामी उठ म्हणून हाताला धरून खेचलं, खांदा आधीच सैल झालेला असतो, पुढचे दोन महिने ती रात्री झोपली नाही. कमरेला पट्टा बांधून तिथे धरायचं असतं. आणि फिजिओनं दिलेली ती मऊ रबरी पुट्टी तिनं खिडकीतून टाकून दिली, तेव्हापासून रोज कणकेचा गोळा देतो. माखते, नाक मुरडते, पण अर्धा तास मळते, उजवा हात डाव्याच्या खाली धरून.

मनाचं लिहायला मला जड जातंय. पहिला धक्का म्हणजे शेजारी एक आजोबा वारले, त्यांची मुलगी येऊन सांगत होती आणि ही खदाखदा हसायला लागली. थांबेचना. ती मुलगी उठून गेली. नंतर कळलं की हा पण स्ट्रोकचाच भाग असतो, हसण्या-रडण्याचा ब्रेक सुटतो, आत दुःख असलं तरी बाहेर हसू येतं आणि जाहिरात बघून धारा लागतात, आणि त्यावर औषध आहे. मी त्या मुलीकडे जाऊन समजावलं, तिला पटलं की नाही माहीत नाही. पण खरी उदासी वेगळी, ती नंतर आली. शब्द यायला लागले, पाय चालायला लागला आणि लोक म्हणायला लागले वा वा, तेव्हा ही आतून बसत गेली. सकाळी उठायची नाही. ड्रेसिंग टेबलच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. मला वाटलं थकली असेल, थकवा पण खूप येतो या आजारात, एक वाक्य जुळवायला तिला जेवढी ताकद लागते तेवढ्यात मी सामानाची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेईन. दोन महिने मी ते अंगावर काढलं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं, औषधानं बरं वाटतं, आणि औषध घेतलं नाही तर फिजिओ-स्पीच सगळं वाया जातं कारण पेशंटच मैदानात उतरत नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

आरसा परत उघडला तो मात्र वेगळ्याच कारणानं. फिजिओचा मुलगा म्हणाला, अंकलजी एक आरसा द्या, दोन हातांच्या मधे उभा ठेवायचा, चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला वाटतं लुळा हात हलतोय. आपले मूळचे तमिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांच्या दुखण्यासाठी काढलेली युक्ती. हिनं हातासाठी म्हणून आरसा चालवून घेतला. पहिल्या दिवशी फक्त हात बघितला. काही दिवसांनी मी चहा घेऊन आत गेलो तर आरसा थोडा वर कलवून केस सारखे करत होती. मी तसाच उलट्या पावली बाहेर आलो. वेणी आता मीच घालतो, तिपेडी येते, चार पेडीची शिकतोय.

आणि माझं? मी काही संत नाही. जानेवारीत एक दिवस मी ओरडलो तिच्यावर, दुपारपासून ती काहीतरी मागत होती, मी पन्नास वस्तू दाखवल्या, एकही नाही, शेवटी मी म्हटलं "बोल ना बाई, बोल तरी!" आणि तिनं ओट्यावरची पळी उचलून डाव्या हातानं मला फेकून मारली. नेम चुकला, डाव्या हाताची सवय नव्हती अजून. मग आम्ही दोघं खाली फरशीवर बसून रडलो, मग हसलो, तो ब्रेक सुटल्याचा प्रकार बहुधा संसर्गजन्य आहे. तिला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. त्याच आठवड्यात सहज बीपी मोजलं तर माझं १७० वर १००, दोन महिने माझ्या गोळ्याच घेतल्या नव्हत्या, तिच्या गोळ्यांचा डबा वेळच्या वेळी भरत होतो. आता मुलगा रोज रात्री फोन करतो तो आधी माझं विचारतो, मग तिचं, ही तिचीच सूचना, बोटानं माझ्याकडे दाखवून दिलेली. काकू बुधवारी दोन तास बसतात, मी बाहेर जाऊन काही करत नाही, रीजनल पार्कच्या तळ्याकाठी नुसता बसतो.

तर संपादक साहेब, मागणं एवढंच आहे. इंदुरातल्या, आणि ग्वाल्हेर-बडोद्याकडच्याही सगळ्या स्पीच थेरपिस्टांनी पहिल्या दिवसाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी, घरात कुठली भाषा बोलता, आणि ज्यांना ती भाषा येत नसेल त्यांनी घरच्यांना शेजारी बसवून घ्यावं, आम्ही फुकट काम करू. दुसरं आपल्या मराठी मंडळांना, सानंदला, महाराष्ट्र साहित्य सभेला. तुमच्याकडे खोल्या आहेत, खुर्च्या आहेत. आठवड्यातून एक तास अशा लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना बसू द्या, भाषण नको, शाल-श्रीफळ नको, पहिल्या मजल्यावर नको, चहा आणि मराठी बोलणारी चार माणसं, ज्यांना थांबता येतं. आम्ही मार्चमध्ये सानंदच्या नाटकाला गेलो होतो, पहिल्यांदाच, मला धास्ती होती, पण ही सगळ्यांच्या बरोबरीनं हसली, एका ठिकाणी तर माझ्या आधी. अशा किती जणी घरात बसल्या असतील ज्यांना लोकांनी बोलावणंच सोडलंय, "ती कशी येणार आता" म्हणून. आणि तिसरं तुम्हाला, पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला अर्धं पान साडेचार तासांना द्या आणि अर्धं आम्हाला.

या दिवाळीला ऑर्डरी घेतल्या नाहीत, पण घरापुरत्या चकल्या केल्या. भाजणी तिनं बोटानं दाखवून माझ्याकडून करून घेतली, सोऱ्या मी दाबला, ती डाव्या हातानं कागदावर गोल फिरवत होती. वळून वळून सगळ्या अंडाकृती झाल्या. खाल्ल्या सगळ्यांनी.

हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी तिला वाचून दाखवलं, तिच्याबद्दल आहे तर तिची परवानगी हवीच. हळू वाचलं, मधे मधे थांबून. कचरागाडीला हसली, आरशाला खिडकीबाहेर बघत बसली, भाच्याचं कापा म्हणून खूण केली पण ते मी ठेवलंय. पळीपाशी आल्यावर तिनं माझा हात धरून थांबवलं. मला वाटलं हे छापायला नको असेल. तिनं मान हलवली, नाही नाही, आणि वीस आकडे झाले, तीस झाले, आणि मग म्हणाली, "झा... झारा". मी म्हटलं काय? "झारा. पळी... नाही."

तर वर जिथे पळी लिहिलंय तिथे कृपया झारा वाचावं.

आपला,
एक नियमित वाचक
सुदामा नगर, इंदूर